दुधातला किरणोत्सर्ग काढता येतो, पण तो कुठे काढायचा?

प्रश्न असा आला आहे: अणुभट्टीचा अपघात झाला आणि दुधात किरणोत्सर्गी द्रव्यं उतरली, तर ते दूध स्वच्छ करता येतं का? उकळून, गाळून, दही लावून काही फरक पडतो का? आणि चेर्नोबिलनंतर मुंबईत आयर्लंडचं लोणी आलं होतं, त्या प्रकरणात खरं-खोटं काय होतं?

मी मूळचा दुग्धतंत्रज्ञानातला. पुढे नोकरीची बरीच वर्षं अन्नातला किरणोत्सर्ग मोजण्यात गेली. त्यामुळे डेअरी आणि प्रयोगशाळा या दोन्ही बाजू मला जवळून माहीत आहेत. आधी थेट उत्तर देतो. दुधातून ही द्रव्यं काढता येतात. त्याच्या पद्धती १९६० च्या दशकातच बसवल्या गेल्या आणि मोठ्या यंत्रावर चालवूनही पाहिल्या गेल्या. पण जगात जिथे जिथे खरोखर ही वेळ आली, तिथे बहुतेक काम डेअरीत झालं नाही. ते गोठ्यात आणि चाऱ्यात झालं, किंवा नुसतं थांबून झालं. आणि घरच्या ओट्यावर काही करता येतं का, तर नाही.

उकळण्याचं आधी संपवतो, कारण हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. उकळल्याने जंतू मरतात, कारण ते जिवंत असतात. किरणोत्सर्गी आयोडीन किंवा सीझियम हे दुधात विरघळलेले क्षार आहेत. दुधातलं मीठ जसं उकळून जात नाही तसे तेही जात नाहीत. उलट दूध आटलं की तेवढंच द्रव्य कमी दुधात राहतं, म्हणजे बासुंदीत ते मूळ दुधापेक्षा दाट झालेलं असतं. फडक्याने गाळून, फ्रीजमध्ये ठेवून, पाश्चरायझेशन करून काही होत नाही. पाणी शुद्ध करणारं घरचं यंत्र दुधाला चालतच नाही, त्याचा पडदा पहिल्या पेल्यातच तुंबेल.

आता मुद्द्यावर येऊ. ‘किरणोत्सर्गी दूध’ असा एकच एक पदार्थ नसतो. दुधात नेमकं काय उतरलंय यावर पुढचं सगळं ठरतं. अपघातानंतर दुधाच्या बाबतीत तीन नावं महत्त्वाची. आयोडीन-१३१, अर्धायुष्य (म्हणजे द्रव्य निम्मं व्हायला लागणारा काळ) ८ दिवस. सीझियम-१३७, अर्धायुष्य ३० वर्षं. त्याच्या सोबतीला सीझियम-१३४, अर्धायुष्य २ वर्षं. आणि स्ट्रॉन्शियम-९०, अर्धायुष्य सुमारे २९ वर्षं. आयोडीन शरीरात गेलं की गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत जाऊन बसतं. सीझियम पोटॅशियमसारखं वागतं, म्हणजे स्नायूंत आणि शरीरातल्या पाण्यात सगळीकडे पसरतं. स्ट्रॉन्शियम कॅल्शियमचा चुलतभाऊ आहे, ते हाडात जातं. हे तिघे दुधातही असेच वेगवेगळ्या ठिकाणी बसतात, आणि ते कुठे बसलेत हे कळलं की त्यांना कसं बाहेर काढायचं हे कळतं.

त्यासाठी आधी मोजावं लागतं. पद्धत अशी. लिटरभर दूध मारिनेली बीकर नावाच्या भांड्यात घेतात. या भांड्याच्या बुडाला आत वळलेली पोकळी असते, ती शोधकावर टोपीसारखी बसते, त्यामुळे दूध शोधकाच्या डोक्यावरही येतं आणि सभोवारही. शोधक जर्मेनियमचा, तो द्रव नायट्रोजनने थंड ठेवलेला, आणि भोवती शिशाची जाड भिंत. दुधात थोडं फॉर्मेलिन घालावं लागतं, कारण मोजणी काही तास चालते आणि मध्येच दूध नासलं तर साका खाली बसतो, साय वर येते आणि मोजणीचं गणित बिघडतं. मग पडद्यावर हळूहळू आलेख उभा राहतो. ३६४ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टला (हे किरणांच्या ऊर्जेचं माप) शिखर दिसलं तर आयोडीन, ६६२ ला दिसलं तर सीझियम-१३७.

आणि एक शिखर प्रत्येक दुधात असतंच, १,४६१ ला. ते पोटॅशियम-४० चं. नव्याने शिकायला आलेली मुलं ते पाहून दचकतात. पृथ्वीवरच्या सगळ्या पोटॅशियममध्ये हा किरणोत्सर्गी भाऊबंद थोडासा असतोच. एका लिटर दुधात सुमारे दीड ग्रॅम पोटॅशियम धरलं, तर त्यातून पंचेचाळीसएक बेकरेल येतात. बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं. तर आपल्या आजीने प्यायलेल्या दुधातही सेकंदाला लिटरमागे चाळीस-पन्नास अणू फुटत होते. हे सांगायचं कारण इतकंच, की ‘दुधात किरणोत्सर्ग सापडला’ या बातमीला आकडा आणि मूलद्रव्याचं नाव जोडलेलं नसेल, तर त्या बातमीवरून काहीच ठरवता येत नाही.

स्ट्रॉन्शियम-९० या यंत्राला दिसत नाही. ते गॅमा किरण देत नाही, नुसते बीटा कण देतं. त्यासाठी दूध वाळवून, भट्टीत जाळून त्याची राख करायची, राखेतून रसायनांनी कॅल्शियम बाजूला काढून स्ट्रॉन्शियम वेगळं करायचं, आणि मग ते फुटून त्यातून यिट्रियम-९० तयार होण्याची वाट पाहायची, कारण मोजणी त्याच्यावरून होते. पूर्ण समतोल व्हायला दोनेक आठवडे जातात. म्हणून अपघातानंतर पहिल्या दिवसांत आयोडीन-सीझियमचे आकडे येतात आणि स्ट्रॉन्शियमचे मागाहून. यात लपवाछपवी असतेच असं नाही.

आयोडीनपासून सुरुवात करतो, कारण दुधामुळे खरा जीवघेणा घोटाळा जर कुणी केला असेल तर तो याने.

गाय दिवसभरात केवढं तरी कुरण चरते. हवेतून खाली आलेलं आयोडीन गवताच्या पात्यांवर पातळ थरात बसलेलं असतं, आणि गाय ते सगळं गोळा करून दुधात आणते. चरल्यानंतर काही तासांतच ते दुधात दिसू लागतं आणि दोन-तीन दिवसांत कमाल पातळीला पोचतं. मूल दूध भरपूर पितं आणि त्याची थायरॉइड ग्रंथी अगदी लहान असते, त्यामुळे मोठ्या माणसाइतकंच आयोडीन पोटात गेलं तरी त्या एवढ्याशा ग्रंथीला मार कितीतरी जास्त बसतो.

१० ऑक्टोबर १९५७ ला इंग्लंडमध्ये विंडस्केलच्या अणुभट्टीत आग लागलेली लक्षात आली. दुधासाठी मर्यादा किती असावी याचा तेव्हा तयार आकडाच नव्हता. शास्त्रज्ञांनी बसून घाईने तो ठरवला. लिटरला ०.१ मायक्रोक्युरी, म्हणजे आजच्या भाषेत ३,७०० बेकरेल. आधी आसपासच्या थोड्या शेतांचं दूध थांबवलं, मग बंदी वाढत सुमारे ५०० चौरस किलोमीटरवर गेली. ते दूध गोळा करून समुद्रात आणि गटारांत ओतलं. शेतकऱ्यांना भरपाई मिळाली. धावपळीत झालेलं असलं तरी हे काम बरोबर झालं असं माझं मत आहे, कारण दूध मुलांच्या पोटात जाण्याआधी अडवलं गेलं.

चेर्नोबिलला हेच झालं नाही. अपघात २६ एप्रिल १९८६ चा. दुधातल्या आयोडीनसाठी सोव्हिएत सरकारची तात्पुरती मर्यादा आली ६ मेला. दहा दिवस! आयोडीनचं अर्धायुष्य आठ दिवसांचं. म्हणजे जे काही प्यायचं होतं ते बहुतेक तोवर पिऊन झालं होतं. खेड्यांतल्या घरच्या गायींचं दूध तर कुठल्याच तपासणीतून जात नव्हतं. बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या चार बाधित प्रांतांत, अपघाताच्या वेळी अठराच्या आत वय असलेल्यांमध्ये १९९१ ते २०१५ या काळात थायरॉइड कर्करोगाचे १९,००० हून जास्त रुग्ण नोंदले गेले. त्यांतले सुमारे पाव या किरणोत्सर्गामुळे झाले असा संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीचा अंदाज आहे. या पावातला मोठा वाटा दुधाचा. शाळेत जाणाऱ्या, पाळण्यात असलेल्या या मुलांना महिना-दोन महिने फक्त दुसरं दूध मिळायला हवं होतं. हे आकडे मी कितीही वेळा वाचले तरी मला स्वस्थ बसवत नाही.

शेजारी पोलंडने काय केलं ते पाहा. २८ एप्रिलला त्यांच्या हवामापन केंद्रांवर आकडे चढलेले दिसले. दुसऱ्या दिवसापासून साध्या आयोडीनचं औषध वाटायला सुरुवात झाली (त्याने ग्रंथी आधीच भरते आणि किरणोत्सर्गी आयोडीनला जागा उरत नाही), आणि काही दिवसांत १ कोटीहून जास्त मुलांना ते पाजलं गेलं. कुरणात चरणाऱ्या गायींचं ताजं दूध थांबवलं, लहान मुलांना भुकटीचं दूध दिलं. मॉस्कोकडून नीट माहिती मिळत नसताना, स्वतःच्या मोजणीवर विसंबून त्यांनी हे केलं. जपानमध्ये मार्च २०११ च्या फुकुशिमा अपघातानंतर आठ-दहा दिवसांत दुधावर निर्बंध आले. तिथे ऋतूनेही साथ दिली: मार्चमध्ये गायी गोठ्यात होत्या आणि साठवलेला चारा खात होत्या.

आता आयोडीन दुधातून काढायचं कसं? ऋण आयन (ऋण विद्युतभाराचे कण) धरणाऱ्या रेझिनच्या, म्हणजे खास बारीक मण्यांच्या, स्तंभातून दूध सोडलं तर बहुतेक आयोडीन रेझिनवर अडकतं. प्रयोगांत हे चांगलं जमलेलं आहे. पण मी ते करा असं कुणाला सांगणार नाही, कारण त्याहून साधा उपाय आहे. दुधाची भुकटी करा, चीज करा, किंवा टेट्रापॅकमध्ये भरून ठेवा आणि थांबा. ऐंशी दिवस म्हणजे दहा अर्धायुष्यं, तेवढ्यात हजारातला एक भाग उरतो. लिटरला १०,००० बेकरेल असलेलं दूध तीन महिन्यांनी दहाच्या आत येतं. अट एकच, त्यात सोबतीला सीझियम किती आहे ते मोजून घ्यायचं, कारण ते थांबून जाणारं नाही.

सीझियम आणि स्ट्रॉन्शियमचा विचार आपल्या घरच्या पदार्थांवरून केला तर पटकन समजतो.

दोन्हीही फॅटमध्ये जात नाहीत. साय काढली, लोणी काढलं, की ती मागे राहिलेल्या दुधात किंवा ताकात राहतात. लोण्यात येतात ती त्यात अडकलेल्या पंधरा-सोळा टक्के पाण्यासोबत. हिशेब करून दाखवतो. लिटरला १०० बेकरेल सीझियम असलेलं दहा लिटर गायीचं दूध घ्या, म्हणजे एकूण १,००० बेकरेल. त्यातून अर्धा किलोच्या आतबाहेर लोणी निघेल आणि त्यात दहाच्या आसपास बेकरेल सापडतील. म्हणजे शंभरातला एक भाग. तेच लोणी कढवून तूप केलं की पाणी उडतं, राहिलेले क्षार बेरीत जातात आणि वरचं तूप जवळपास स्वच्छ असतं. बेलारूसमध्ये मर्यादेबाहेरचं दूध लोण्याकडे वळवण्याची पद्धत पडली ती याच कारणाने. मात्र ते ताक कुणी प्यायचं नाही आणि ती बेरी कुणी साखर घालून खायची नाही.

चक्क्याचं काय? इथे हुशार माणसंही हिशेब चुकतात. सीझियम दह्याच्या पाण्यात असतं, दही टांगलं की पाणी गळून जातं, म्हणजे चक्का स्वच्छ, असं वाटतं. गळालेल्या पाण्यासोबत तीन चतुर्थांश सीझियम गेलं हे खरंच. पण दहा लिटरचा चक्का अडीच-तीन किलोच होतो आणि त्यात सत्तर टक्के पाणीच असतं. त्यामुळे किलोमागे मोजलं तर आकडा मूळ दुधाच्या जवळपासच राहतो. एकूण किती गेलं आणि किलोमागे किती उरलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. खाणाऱ्याच्या दृष्टीने दुसरा महत्त्वाचा.

स्ट्रॉन्शियमची गंमत वेगळीच. ते कॅल्शियमसोबत केसीनला, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाला, चिकटून असतं. विरजणाच्या आंबटपणाने तो बंध सुटतो आणि ते पाण्यात उतरतं, म्हणून नीट आंबवलेल्या चक्क्यात ते कमी राहतं. पण रेनेट (दूध जमवणारं विकर) लावून केलेल्या चीजमध्ये दूध आंबट न होताच जमतं, कॅल्शियम तसंच अडकून राहतं, आणि दुधातलं अर्ध्याहून जास्त स्ट्रॉन्शियम त्या लहानशा गोळ्यात येऊन बसतं. किलोमागे ते दुधाच्या कितीतरी पट होतं. पनीर या दोघांच्या मधलं: गरम दूध थोड्याच आंबटपणावर फाडलेलं असतं, त्यामुळे कॅल्शियमचा बराच भाग त्यात राहतो. म्हणजे सीझियमसाठी जे चीज बरं, तेच स्ट्रॉन्शियमसाठी वाईट. दुधात काय आहे हे माहीत नसताना ‘याचं चीज करा’ असं सांगणारा सल्ला मी कधीच देणार नाही.

आणि उलटं उदाहरण नॉर्वेतलं. तिथे शेळीच्या दुधाची निवळी, म्हणजे चीज करताना वेगळं होणारं पाणी, आटवून तपकिरी, गोडसर चीज करतात. निवळी म्हणजे सीझियमचं घर. ती आटवली की सीझियम दाट होत जातं. चेर्नोबिलनंतर हा त्यांच्या रोजच्या न्याहारीतला पदार्थ मोठी डोकेदुखी ठरला. शेळीच्या दुधात खाल्लेल्या सीझियमचा वाटा मुळातच गायीच्या दुधापेक्षा जास्त येतो. त्यात डोंगरावर चरणाऱ्या शेळ्यांना आळंबी आवडतात, आणि आळंबी सीझियम ओढून घेतात. ज्या वर्षी आळंबी भरपूर, त्या वर्षी दुधातला आकडा पुन्हा चढायचा.

आता खरं यंत्राचं काम. १९६०च्या आसपास अमेरिकेत हवेतल्या अण्वस्त्र चाचण्यांमुळे दुधातलं स्ट्रॉन्शियम-९० वाढत होतं, तेव्हा त्यांच्या कृषी खात्याने मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिल इथे दूध स्वच्छ करण्याची पद्धत बसवली, आणि पुढे मिसूरीतल्या लेबनन इथल्या डेअरीत ती मोठ्या प्रमाणावर चालवून पाहिली. नुसतं रेझिनमधून दूध सोडून भागत नाही, कारण स्ट्रॉन्शियम केसीनला धरून बसलेलं असतं. म्हणून थंड दुधात सायट्रिक आम्ल घालून सामू (पीएच, आकडा जितका कमी तितकं दूध आंबट) ५.३ च्या आसपास आणायचा. तिथे ते सुटं होतं. ४.६ ला केसीन साकळतं, आणि ५.३ चं दूध जरा कोमट झालं तरी फाटू शकतं. ते स्तंभात फाटलं तर रेझिनच्या मण्यांमध्ये चोथा भरतो आणि सगळा स्तंभ उपसून धुवावा लागतो. म्हणून दूध पूर्णवेळ थंडच ठेवायचं.

रेझिनही कोरं चालत नाही. कोरं रेझिन स्ट्रॉन्शियमबरोबर दुधातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम सगळंच ओढून घेईल आणि उरलेलं दूध मुलाला द्यायच्या लायकीचं राहणार नाही. म्हणून रेझिनवर आधीच हे सगळे क्षार दुधात असतात त्याच प्रमाणात चढवून ठेवायचे. मग अदलाबदल होते ती कॅल्शियमच्या बदल्यात कॅल्शियमची, आणि मधल्या मध्ये स्ट्रॉन्शियम अडकतं. बाहेर आलेल्या दुधात पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून सामू पुन्हा ६.६ च्या आसपास न्यायचा, वाढलेलं पाणी निर्वातात उडवायचं, मग पाश्चरायझेशन. नव्वद टक्क्यांहून जास्त स्ट्रॉन्शियम निघतं. तंत्र म्हणून ही पद्धत मला मनापासून आवडते. दुधाचा स्वभाव ओळखून केलेलं काम आहे. आपल्या म्हशीच्या दुधात कॅल्शियम आणि केसीन दोन्ही जास्त, त्यामुळे आम्लही जास्त लागेल आणि फाटण्याची भीतीही जास्त. इथे ही पद्धत आणायची तर सगळे आकडे नव्याने बसवावे लागतील.

पण १९६३ मध्ये हवेतल्या चाचण्यांवर बंदी आणणारा करार झाला, दुधातलं स्ट्रॉन्शियम उतरू लागलं आणि यंत्राची गरज उरली नाही. खर्चही होताच, आणि स्तंभ धुतल्यावर निघणारं किरणोत्सर्गी पाणी कुठे ठेवायचं हा प्रश्नही. काढलेलं द्रव्य नाहीसं होत नाही, ते नुसतं दुधातून बाहेर येतं.

हे जर्मनीने पुरतं अनुभवलं. चेर्नोबिलनंतर बव्हेरियात चीजमागे उरलेल्या निवळीची भुकटी केली गेली, आणि सीझियम भरलेली अशी सुमारे ५,००० टन भुकटी रेल्वेच्या डब्यांत पडून राहिली. कुठल्याच गावाला ती आपल्या स्थानकावर नको होती. शेवटी लष्कराच्या जागेत डबे उभे केले. पुढे लिंगन इथे खास कारखाना बसवून भुकटी पाण्यात विरघळवली, आयन विनिमयाने सीझियम काढलं आणि पुन्हा वाळवली. १९९० पर्यंत हे चाललं आणि कोट्यवधी मार्क खर्च झाले. काम फत्ते झालं हे खरं, पण भुकटीच केली नसती तर? निवळी पहिल्याच दिवशी मोजून तिथेच थांबवली असती, तर पाच हजार टनांचा प्रश्नच उभा राहिला नसता.

म्हणून मी सुरुवातीला म्हटलं की खरं काम गोठ्यात होतं. गाय जे सीझियम खाते, त्यातला साधारण अर्धा टक्का दर लिटर दुधात येतो. चारा बदलला की दूध काही दिवसांत बदलतं; सुरुवातीची घट फार झपाट्याने होते. स्वच्छ वैरण उपलब्ध असेल तर याहून मोठा उपाय नाही.

स्वच्छ वैरण नसेल तर प्रशियन ब्लू. चित्रकारांचा जुना निळा रंग. तो पोटात विरघळत नाही, आतड्यातलं सीझियम घट्ट धरतो आणि शेणावाटे घेऊन जातो. हॅनोव्हरच्या वेर्नर गीझ यांनी त्याचं जनावरांना देण्याजोगं रूप तयार केलं, म्हणून पशुवैद्यक त्याला गीझ क्षार म्हणतात. गायीला दिवसाला काही ग्रॅम पेंडीत मिसळून दिलं की दुधातलं सीझियम ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत उतरतं. नॉर्वेत तो चाटण विटांमध्ये घातला. डोंगरात मोकळ्या चरणाऱ्या मेंढ्या-शेळ्यांना त्याच्या मोठ्या गोळ्या गिळवल्या, त्या पोटात दोनेक महिने हळूहळू झिजत राहतात. बेलारूस, युक्रेन, रशियातही तो वापरला. दुधाच्या चवीत फरक नाही, गायीला त्रास नाही, आणि शेणात बांधलं गेलेलं सीझियम पिकांना सहजी मिळत नाही. लिंगनच्या कारखान्याशी तुलना केली तर हा खर्च किरकोळ आहे.

स्ट्रॉन्शियमवर प्रशियन ब्लू चालत नाही. तिथे आहारातलं कॅल्शियम वाढवायचं, त्याने फार तर निम्मं होतं. जमिनीत चुना टाकला की पिकात स्ट्रॉन्शियम कमी चढतं, पोटॅशची खतं टाकली की सीझियम कमी चढतं, आणि कुरण खोल नांगरून नवं गवत पेरलं की दोन्ही कमी होतात. बेलारूसने हे वर्षानुवर्षं केलं. तरी जमीन साथ देईलच असं नाही. युक्रेनच्या रिव्हने प्रांतातली काही गावं चेर्नोबिलपासून दोनेकशे किलोमीटर दूर आहेत, जमिनीवर साठलेल्या सीझियमची पातळीही भीषण म्हणावी अशी नाही, पण तिथली दलदलीची पीट जमीन सीझियम धरून ठेवत नाही, गवताला देऊन टाकते. त्या गावांत घरच्या गायीचं दूध अपघातानंतर कितीतरी दशकं मर्यादेच्या वर येत राहिलं. गाय विकली तर घरात दूध नाही, ठेवली तर मुलं तेच पितात. अशा घराला रेझिनचा स्तंभ कसला देणार? त्यांना निळ्या क्षाराची पिशवी नियमित मिळायला हवी.

आपल्याकडे काय? तारापूरचं वीज केंद्र १९६९ पासून चालू आहे, आणि अणुवीज केंद्रांभोवतीच्या दुधाचे नमुने मोजणं हे नेहमीच्या देखरेखीचा भाग आहे. महाराष्ट्रातलं पशुपालन एका अर्थाने सोयीचं आहे: बरीच जनावरं दावणीला बांधून कडबा, पेंड, सरकीवर असतात. किरणोत्सर्गी ढग यायच्या आधी कापलेली, छपराखाली ठेवलेली वैरण स्वच्छच असते. म्हणून कधी तसा इशारा मिळाला तर पहिल्या तासात करायची कामं डेअरीतली नाहीत. जनावरं आत घ्या, बाहेर सोडू नका. कडब्याच्या गंजीवर ताडपत्री टाका. हौद झाका, पाणी विहिरीचं किंवा बोअरचं द्या. हिरवा चारा कापून आणू नका. शेळ्यांचं दूध सगळ्यात आधी बंद करा. मुलांना आधीच्या तारखेची भुकटी द्या. आयोडीनच्या गोळ्या यंत्रणेने सांगितल्यावरच, सांगितलेल्या मात्रेत घ्या. अंगावर पाजणाऱ्या आईला त्या आधी मिळायला हव्यात, कारण आयोडीन तिच्या दुधातही उतरतं.

आता आयर्लंडचं लोणी. युरोपीय समुदायाच्या मदतीतून आलेलं हे लोणी मुंबईच्या सरकारी दूध योजनेकडे जाणार होतं. चेर्नोबिल ताजं होतं, लोक धास्तावले, आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. भाभा अणुसंशोधन केंद्राने लोणी तपासून योग्य ठरवलं होतं. उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली, पुढे सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली, समितीनेही लोणी खाण्यास सुरक्षित असल्याचं सांगितलं, आणि १९८८ मध्ये तो विषय मिटला. ज्यांनी न्यायालयात धाव घेतली त्यांनी योग्य तेच केलं असं मी मानतो. परदेशातून येणाऱ्या अन्नाचे आकडे मागण्याचा हक्क लोकांना आहेच. पण वर केलेला हिशेब पाहिलात तर लक्षात येईल की सगळ्या दुग्धपदार्थांत लोणी हा सीझियमच्या बाबतीत सगळ्यात कमी धोक्याचा. त्या काळी आयात लोणी आणि आयात भुकटी एकत्र करून दूध तयार होत असे, आणि अशा दुधात सीझियम असलंच तर ते भुकटीवाटे येणार. तीच आधी मोजायला हवी.

पुन्हा कधी अशी आयात आली आणि तुम्हाला कागद पाहायला मिळाले, तर भुकटीचा अहवाल आधी मागा. आकडा कोरड्या भुकटीचा आहे की पाणी घालून केलेल्या दुधाचा, हे विचारा; दोन्हींत जवळपास आठपट फरक पडतो. सीझियम-१३४ आणि १३७ यांची बेरीज दिली आहे का ते पाहा. चेर्नोबिलनंतर युरोपने दुधासाठी आणि बाळांच्या अन्नासाठी किलोला ३७० बेकरेलची मर्यादा ठेवली होती, जपानने २०१२ पासून दुधासाठी ५० ठेवली आहे. अहवालातला आकडा यांपैकी कुठे बसतो ते पडताळा. आणि चीज येत असेल तर स्ट्रॉन्शियम-९० मोजलं आहे का हे वेगळं विचारा, कारण गॅमा मोजणीच्या अहवालात ते कधीच नसतं.